छोटा शोफार कोणी पळवला?

आमच्यातल्याच कोणीतरी छोटा शोफार पळवला आहे. बाहेरच्या चोराचं हे काम नाही. बाहेरचा चोर कपाट उघडेल, चांदीचा पेला उचलेल, फार तर चिवड्याचा डबा नेईल. मेंढ्याचं जुनं शिंग नेऊन तो करणार काय? तेव्हा ज्याने कोणी ते नेलं असेल त्याने नीट ऐकावं. माझा संशय पक्का आहे, पण नाव मी घेणार नाही. आणि हात जोडून एक विनंती आहे: ते परत आणून ठेवायची अजिबात घाई करू नये!

ग्वाल्हेरमध्ये आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, सगळे मिळून चार घरं. माणसं कमी म्हणजे किस्सेही कमी, असं लोकांना वाटतं. चूक! मोठ्या समाजात एखादा किस्सा घडला की तो शंभर जणांत वाटला जातो. आमच्याकडे वाटून घ्यायला माणसंच नाहीत. जे काही घडतं ते त्याच चार-पाच जणांच्या अंगावर पडतं, आणि दर सणाला नवी भर!

आमचे पणजोबा कोकणातून रेल्वेच्या नोकरीसाठी इकडे आले. गाडी पुढे निघून गेली, हे प्लॅटफॉर्मवरच राहिले. सिनेगॉग वगैरे नाही. दाना ओली नावाच्या गल्लीत शाऊलकाकांच्या घराची पहिल्या मजल्यावरची पुढची खोली, तेच आमचं सिनेगॉग. खोलीत एक लोखंडी कपाट. कपाटात सेफेर तोरा, म्हणजे कातड्यावर हाताने लिहिलेली आमच्या धर्मग्रंथाची गुंडाळी. कपाटाची किल्ली शाऊलकाकांच्या खिशात.

मी बेन्नी. इतिहासात एम.ए. केलं, मग मुंबईला वर्षभर हिब्रू आणि प्रार्थना शिकून आलो. रब्बाय, म्हणजे धर्मगुरू, व्हायला एवढं मुळीच पुरत नाही. पण चार घरांत दुसरा उमेदवारच नसल्यामुळे मी बिनविरोध निवडून आलो. सगळे मला रब्बाय म्हणतात. काका ‘रब्बायसाहेब’ म्हणतात, आणि म्हणताना त्यांच्या मिशीचं एक टोक वर जातं.

*

आल्याआल्या मी रविवारचा अभ्यासवर्ग सुरू केला. आपल्या मुलांना आपले सण माहीत नाहीत, प्रार्थनेचे अर्थ माहीत नाहीत, हे चालणार नाही! मी पोस्टर केलं, व्हॉट्सअॅप ग्रुप केला, व्याख्यानाची सोळा पानं काढली. पहिल्या वर्गाला तिघं आले. शाऊलकाका, कारण खोली त्यांची. रिबकामावशी, म्हणजे काकांच्या धाकट्या बहीण, कारण स्वयंपाकघर त्यांचं. आणि कॉलेजात शिकणारी डॉली, कारण वायफाय काकांचं.

विषय होता मिसर देशातून आमच्या पूर्वजांची सुटका आणि रानातला प्रवास. काका निवृत्त स्टेशन मास्तर. त्यांनी मला दुसऱ्या पानावरच अडवलं.

“किती वर्षं लागली म्हणालास?”

“चाळीस.”

“एवढ्याशा अंतराला चाळीस वर्षं लेट? मध्ये सिग्नल नव्हता? इनचार्ज कोण होता?”

“मोशे,” डॉली म्हणाली.

“सस्पेंड करायला हवा होता!”

“केलाच की, काका,” मी वैतागून म्हणालो. “शेवटचं स्टेशन समोर दिसत होतं, पण देवाने त्याला उतरू दिलं नाही. डोंगरावरून नुसतं दाखवलं.”

काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

“म्हणजे, रिटायरमेंटच्या आदल्या दिवशी?” ते म्हणाले. “हे बरोबर नाही झालं, बेन्नी. वर कोणाकडे तरी अपील करायला हवं होतं.”

उरलेली चौदा पानं मी वाचलीच नाहीत.

*

आता कवळीची गोष्ट.

शोफार म्हणजे मेंढ्याचं शिंग. आमच्या नव्या वर्षाला, म्हणजे नव्याच्या सणाला, ते फुंकतात. मग दहाव्या दिवशी योम किप्पुर. आमची जुनी माणसं त्याला दारफाळणीचा सण म्हणतात. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे, दिवसभर पाण्याचा थेंब नाही. संध्याकाळी शोफारचा एक लांब सूर निघाला की उपास सुटला. तो सूर नाही तर किप्पुर अर्धवट!

आमच्याकडे शोफार दोन. एक मोठा, वेटोळ्यांचा, कोणा नातेवाइकाने इस्राएलहून पाठवलेला. दिसायला राजा, वाजवायला राक्षस. दुसरा छोटा, काकांच्या आजोबांनी कोकणातून आणलेला, तोंडाशी झिजून गुळगुळीत झालेला. दोन्ही वाजवायचा मान शाऊलकाकांचा. मी जन्मल्यापासून इथे दुसऱ्या कोणी वाजवलेलं ऐकलं नाही.

या वर्षी काकांनी कवळी बसवली. काका म्हणजे रुबाब! मिशीला वेगळा कंगवा, निवृत्तीनंतरही पँटला इस्त्रीची धार. नव्या दातांनी तर ते दहा वर्षांनी लहान दिसायला लागले. नव्याच्या सणाच्या आदल्या दिवशी सराव म्हणून त्यांनी मोठा शोफार तोंडाला लावला, छाती भरून घेतली आणि फुंकर मारली.

शोफार वाजला नाही. कवळी सुटली!

टेबलावर रिबकामावशींनी सकाळपासून आटवलेला गव्हाच्या चिकाचा हलवा थापून ठेवला होता. कवळी बरोबर त्याच्या मधोमध जाऊन बसली. नारळाच्या दुधातला तो गुलाबी, थरथरता हलवा, आणि त्यात हसणारे दात!

मावशींनी सुरी उचलली, कवळीभोवती व्यवस्थित चौकोन कापला, तो बशीत काढला आणि भावापुढे धरला.

“घे. तुझा वाटा.”

*

त्या दिवसापासून काकांनी शोफारला हात लावायचा नाही असं ठरवलं. नव्याच्या सणाला शोफार मी फुंकला. फुस्स! पुन्हा फुंकला. पुन्हा फुस्स! शेवटी एक आवाज निघाला, तो ऐकून खालच्या गल्लीतली म्हैस उठून उभी राहिली. बस्स. तेवढ्यावर नवं वर्ष लागलं.

प्रार्थना संपल्यावर काका उभे राहिले.

“मी आता स्पष्ट बोलतो,” ते म्हणाले. “ठाण्याला माझ्या पुतण्याच्या सिनेगॉगमध्ये रोज प्रार्थना होते. इथे सेफेर कपाटात गुदमरतो आहे. मी आज आहे, उद्या नाही. किप्पुरच्या संध्याकाळी शोफार नीट वाजला तर सेफेर ग्वाल्हेरात राहील. नाही वाजला तर पेटीत घालायचा आणि ठाण्याला पाठवायचा. पुतण्याशी बोलणं झालंय.”

माझं डोकंच फिरलं. सेफेर गेला की सण गेले. सण गेले की आम्ही चार दारांवरची चार आडनावं उरणार! मी बोलायच्या आत डॉलीने तोंड उघडलं.

“काका, कवळी काढून वाजवा ना! मैंने सर्च किया है, दात नसले तरी वाजतो. ओठाच्या कोपऱ्यातून फुंकायचं.”

“चार लोकांसमोर मी दात काढू?” काका ताडकन म्हणाले. “अगं, मी स्टेशन मास्तर होतो! रिबकाने सुद्धा मला बिनदातांचा पाहिलेला नाही!”

“हलव्यात पाहिला,” मावशी म्हणाल्या.

“तेव्हा मी तोंडावर रुमाल धरला होता!”

*

दुसऱ्या दिवशी मी सरावाला गेलो. छोटा शोफार सोपा, त्यावर निदान सूर तरी धरता येतो. काकांनी कपाट उघडलं. मोठा शोफार होता, छोटा नव्हता!

शोधाशोध सुरू झाली. रिबकामावशींचा संशय माकडांवर. काकांचा संशय डॉलीवर. सगळ्यात जास्त शोधत होते ते काकाच. गादीखाली बघितलं, पंख्यावर बघितलं, गच्चीवरच्या टाकीत डोकं घालून आले.

“पण काका,” डॉली म्हणाली, “कपाटाची किल्ली तर तुमच्याच खिशात असते ना?”

“तेच तर म्हणतोय मी!” काका म्हणाले. “चोर फार हुशार आहे!”

मला काय कळायचं ते कळलं. माझ्याजवळ डॉलीने ते बोलूनही दाखवलं: “बेन्नीदादा, मला असं लागतं की काकांना शोफार वाजायलाच नकोय.” मलाही तसंच वाटत होतं. दोन दिवस मी काकांशी धड बोललो नाही.

*

मोठा शोफार घेऊन मी आमच्या गच्चीवर गेलो. बोळाच्या पलीकडच्या गच्चीवर मोघेकाकू तुळशीला पाणी घालत होत्या. मोघेकाकू म्हणजे मुलींच्या शाळेच्या माजी मुख्याध्यापिका. रोज दिवेलागणीला त्यांच्या घरून शंख वाजतो आणि अख्खी दाना ओली त्यावर कुकर लावते.

मी फुंकत होतो. त्या बराच वेळ बघत राहिल्या.

“बेन्नी, तू ते वाजवतोयस की चहा गार करतोयस?”

मी सगळं सांगितलं. काकूंनी तांब्या खाली ठेवला, पदर खोचला आणि शिकवणी सुरू झाली. समोरासमोर गच्च्या, मध्ये बोळ, इकडे शिंग, तिकडे शंख.

“गाल फुगवू नकोस! गालात काही नसतं, सगळं पोटात! ओठ घट्ट! अरे घट्ट म्हणजे रडल्यासारखे नव्हे!”

चौथ्या दिवशी आवाज निघाला, पण धड टिकेना. कधी यायचा, कधी नुसता वारा. काकू म्हणाल्या, “तुझं काय आहे, तुला घाई आहे. तू सूर निघायच्या आधीच तो कसा निघाला याचा विचार करतोस.”

किप्पुरच्या संध्याकाळचा प्रश्न होता. त्यांचा शंख आणि आमचा शोफार एकाच वेळेला. लोकांना कळणार कसं, वाजलं ते कोणाचं? मी चाचरत विचारलं. काकूंनी लगेच कबूल केलं.

“तुझं वाजेपर्यंत मी शंखाला हात लावणार नाही. देव थांबेल. माझा देव समजूतदार आहे, तुझ्या काकांसारखा नाही.”

मग तांब्या उचलता उचलता त्यांनी भलतीच बातमी दिली.

“बाकी हल्ली फूलबागेत सकाळी फिरायला जायची सोय राहिली नाही. तिथल्या झूमधलं कुठलं तरी जनावर आजारी आहे. रोज पहाटे झुडपांमागून असं काही कण्हतं, की ऐकवत नाही. काल शाऊलभाऊ भेटले तिथे. मी म्हटलं, ऐकलंत का? तर म्हणाले, मला कमी ऐकू येतं.”

काका आणि फूलबागेत? काकांना मी खालच्या पानाच्या टपरीच्या पुढे चालत गेलेलं पाहिलं नव्हतं. पण मी तेव्हा ओठांच्या चिंतेत होतो.

*

किप्पुरच्या आधी एकमेकांची माफी मागायची आमची रीत आहे. माणसांशी केलेली चूक माणसानेच माफ करायची, देव त्यात पडत नाही. मला ही रीत जगात सगळ्यात जास्त आवडते. मी वर्गात यावर तळमळून बोललो होतो: तोंडदेखली नको, मनापासून मागा!

रिबकामावशींनी फोन केला. “बेन्या, वर्षभरात काही बोलले असेन तर माफ कर.”

“केलं, मावशी.”

“आणि पुढच्या वर्षाचंही आत्ताच करून टाक. बोलणार तर मी आहेच.”

संध्याकाळी चक्क शाऊलकाका आमच्या दारात. ते कोणाची माफी मागायला कोणाच्या घरी गेल्याचं आजवर ऐकिवात नव्हतं. आत आले नाहीत. उंबऱ्यावर उभं राहून मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, “बेन्नी, माफ कर.”

“कशाबद्दल?” मी मुद्दामच विचारलं. छोट्या शोफारचं नाव त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं मला.

“माफ कर म्हटलं ना! तपशील कशाला हवेत? तू काय चौकशी समिती आहेस?”

आणि निघून गेले. मी माफ केलं नाही. खरं सांगतो, त्या वेळी नाहीच केलं.

*

दारफाळणीच्या सणाची गेल्या वर्षीची एक गंमत राहिलीच. समोर नवीन भाडेकरू आले होते, भिंडचे. भला माणूस. त्याने सकाळपासून बघितलं, काकांचं दार बंद, खिडक्या बंद, आणि आतून माणसांचे कण्हल्यासारखे आवाज. आम्ही पापांची कबुली म्हणत होतो, एकेक पाप, एकेक वेळा छातीवर मूठ! त्याने जिना चढून खिडकीच्या फटीतून बघितलं तर काका छाती बडवतायत.

“अंकल को अटैक आया है!”

अँब्युलन्स आली. दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धडधडत वर. मी दार किलकिलं करून हळूच समजावलं, कोणी आजारी नाही, आमचा उपास आहे, प्रार्थना चालू आहे.

“फलाहारी?” ड्रायव्हरने विचारलं.

“नाही, निर्जल. काल संध्याकाळपासून आज संध्याकाळपर्यंत.”

त्याने आत डोकावून आमची मंडळी नीट पाहिली. पांढरे कपडे, पिकलेली डोकी, सुकलेले ओठ. मग जोडीदाराला म्हणाला, “गाड़ी यहीं लगा ले, भैया. अभी वापस नहीं जाते, शाम तक काम पड़ेगा.”

*

आणि आता यंदाची संध्याकाळ.

किप्पुरला झाशी-भोपाळहून पाहुणे येतात, म्हणून सार्वजनिक प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष कसेबसे जमतात. खोली गच्च भरली होती. भिंतीशी ठाण्याला जायची पेटी तयार ठेवलेली. उघडी! आत मऊ कापड अंथरलेलं. दिवसभर मी जिकडे बघेन तिकडे मला ती पेटीच दिसत होती.

शाऊलकाका खिडकीजवळच्या खुर्चीत, पांढऱ्या शालीत. खिडकीच्या कट्ट्यावर चांदीचा पेला घासूनपुसून ठेवलेला. उपास सोडताना त्यात काळ्या मनुकांचं शरबत ओतून आशीर्वाद म्हणायचा असतो. आतल्या खोलीत मावशी शरबताच्या जगावर पहारा देत होत्या, कारण झाशीचे पाहुणे दुपारपासून त्या बाजूला फार फेऱ्या मारत होते.

उजेड उतरला. शेवटची प्रार्थना झाली. माझे ओठ वाळून पापड झाले होते. मी मोठा शोफार हातात घेतला आणि ऐन वेळी एक युक्ती केली.

“सगळ्यांनी डोक्यावरून शाल घ्या,” मी म्हणालो. “बायकांनी पदर, ओढणी. डोळे मिटा. हा सूर डोळे मिटून ऐकायचा असतो.”

असं कुठेही लिहिलेलं नाही. माझे गाल कोणाला दिसू नयेत, एवढंच होतं! पण किप्पुरच्या संध्याकाळी उपाशी माणसं काहीही ऐकतात. सगळ्या खोलीने शाली ओढल्या. काका तर शालीत पुरते नाहीसे झाले. मीही डोळे मिटले.

पोट. ओठ. मोघेकाकू. फुंकर मारली.

फुस्स.

पुन्हा. फुस्स! नुसता वारा. कानात पेटीचं झाकण बंद झाल्याचा आवाज आला, खरंच आला. तिसऱ्यांदा श्वास घ्यायला मी शोफार तोंडापासून दूर केला.

आणि शोफार वाजला!

माझ्या तोंडाजवळ नव्हताच तो. तरी वाजला. आधी थोडा घोगरा, मग मोकळा, मग लांब, आणखी लांब. भिंती सोडून तो गल्लीत गेला. मी लहान असताना ज्या सुराने अंगावर काटा यायचा, तोच. जुना, झिजलेला, आमच्या घरातला सूर! माझे डोळे उघडेचनात. उघडले असते तरी भरलेलेच होते.

तो थांबला. मग एकच गलका! झाशीच्या पाहुण्यांनी मला उचललंच. “वा रे रब्बाय! पोटातून वाजवलास हां!” डॉली नाचायची तेवढी बाकी होती. “दादा, क्या बजाया यार!” मी हातातल्या मोठ्या शोफारकडे बघत होतो. शंका आली ती एकच: मोघेकाकू! काकूंना राहवलं नाही, त्यांनीच शंख फुंकला!

तेवढ्यात बोळापलीकडून शंख वाजला. खणखणीत, वेळेवर, अगदी मुख्याध्यापिकेसारखा. म्हणजे काकू इतका वेळ थांबल्या होत्या.

मी खिडकीकडे वळलो. शाऊलकाका उठून माझ्यासमोर आले होते. शाल नाकापर्यंत ओढलेली, फक्त डोळे दिसत होते, आणि शालीच्या आत एक हात काहीतरी घट्ट धरून होता. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातून कपाटाची किल्ली काढली, माझ्या तळव्यावर ठेवली आणि माझी मूठ मिटली.

“काका,” मी म्हणालो, “सेफेर?”

ते काहीतरी म्हणाले. एक अक्षर कळलं नाही, नुसतं फफ-बब. मग पायाने त्यांनी पेटीचं झाकण लोटून दिलं आणि तोंडावर शाल धरून, मान ताठ, तरातरा मोरीकडे निघून गेले.

मावशी शरबताचा जग घेऊन लगबगीने आल्या. आशीर्वादासाठी खिडकीतला चांदीचा पेला उचलला, जग तिरपा केला आणि तसाच धरून ठेवला.

“अगं बाई! ह्या पेल्यात दात कोणाचे?”